नीट कुठे ठेवू?

डच भाषेत नकाराला 'नीट' म्हणतात. आयंडहोवनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे कळलं आणि मी निर्धास्त झाले. इतका घरचा शब्द, चुकणार कसा?

चुकला तो शेजारणीच्या वाढदिवसाला. सगळे गोल करून खुर्च्यांवर बसलेले, मध्ये बिटरबालनची बशी फिरतेय. दिसायला बटाटेवड्याची धाकटी भावंडं, आत मात्र बीफचं सारण. मी मनात मराठी वाक्य जुळवलं, म्हणजे 'नाही' अर्थातच शेवटी. "इक एट फ्लेस..." (मी मांस खाते...) एवढं म्हणून पुढचं 'नीट' शोधेपर्यंत शेजारणीने आनंदाने दोन बिटरबाल मोहरीसकट माझ्या बशीत ठेवलेसुद्धा. मागून धापा टाकत आलेलं माझं 'नीट' कुणी ऐकलंच नाही.

रात्री फोनवर आईने विचारलं, "नीट खातेस ना?"

"आई, नीटचाच तर घोळ झालाय."

संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी निदान केलं. मांस म्हणजे कुठलंही मांस, तिथे 'नीट' चालत नाही. 'खेन' लागतं आणि तेही नामाच्या आधी: 'इक एट खेन फ्लेस'. (यातला 'ख' घसा खाकरून काढायचा.) पण बशीत पडलेला बिटरबाल आता ठरावीक झाला, म्हणून 'इक एट दी बिटरबाल नीट'. म्हणजे नको तो पदार्थ आधी पानात पडू द्यायचा, मगच मराठी वळणाने नाही म्हणायचं! आणि 'संपवणार नाही' म्हणायचं तर 'ऑपएटन' हे क्रियापद मधोमध तुटतं: 'एट' पुढे पळतं, 'ऑप' 'नीट'च्याही मागे जाऊन बसतं. 'महाग नाही'मध्ये 'नीट' विशेषणाच्या आधी. का, ते विचारायचं नाही.

एकच सुख आहे. 'ओम्दाट', म्हणजे 'कारण', आलं की क्रियापद मुकाट्याने वाक्याच्या टोकाला जातं: 'ओम्दाट इक खेन फ्लेस एट'. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं. तेव्हापासून कुणी न विचारताही मी कारणं देत सुटते.

पुढच्या वाढदिवसाला घोकूनच गेले. बशी आली. घसा खाकरला. "इक एट खेन फ्लेस!" खणखणीत, एकही चूक नाही. शेजारीण कौतुकाने हसली.

"मार किप वेल?"

पण कोंबडी चालते ना? 'नीट'ला खोडून काढणारा 'वेल' नावाचा होकार असतो, हे आमच्या वर्गात अजून यायचं होतं.