पॅरिसची 'खारट हवेली' मिठाने बांधलेली नाही, चुन्यात मीठ घालू नका!

परवा मावशीचा फोन. पडवीची भिंत दुरुस्तीला काढलीय आणि गवंड्याला सांगितलंय चुन्यात मीठ टाक म्हणून. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की पॅरिसचं साडेतीनशे वर्षं जुनं 'हॉटेल साले' मिठाच्या चुन्यात बांधलं म्हणून अजून टिकलंय, आणि पिकासो तिथेच राहून चित्रं काढायचा. हाच मेसेज मला चार ग्रुपांवर आला होता, तेव्हा सोडून दिला, पण आता तो घरच्या भिंतीपर्यंत पोचला म्हणून लिहितेय.

आधी मीठ. नावात मीठ आहे, एवढं मान्य, 'साले' म्हणजे खारट. पण ते भिंतीत नव्हतं, मालकाच्या पैशात होतं! पिएर ओबेर द फोंतने हा माणूस राजासाठी मिठावरचा कर वसूल करायचा, त्या कमाईतून 1656च्या पुढे त्याने मारे भागात ही हवेली उठवली, आर्किटेक्ट झां बुलिए, आणि लोकांनी तिला खारट हवेली म्हणायला सुरुवात केली. आज तिथे पिकासो म्युझियम आहे, त्यांनीच इमारतीचा इतिहास दिलाय, त्यात नावाचं हेच कारण आहे. तेव्हा फ्रान्सच्या कित्येक भागांत लोकांना ठरलेलं मीठ सरकारी भावाने घ्यावंच लागायचं. शिरोड्याचा 1930चा मिठाचा सत्याग्रह ज्यांना माहितीये त्यांना त्या नावातला राग समजावून सांगायला नको.

आणि भिंतीत खरंच मीठ गेलं तर काय होतं? लोणा! मीठ हवेतला ओलावा ओढतं, भिंत सुकली की आत त्याचे खडे धरतात, त्या दाबाने गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, हात फिरवला की पांढरी भुकटी. जुन्या इमारती दुरुस्त करणारे लोक भिंतीवर कागदाचा ओला लगदा थापून आतलं मीठ बाहेर ओढून काढतात आणि आपण विकत आणून आत घालायचं?

बाकीचं पटकन. ते हॉटेल नाही. फ्रेंचमध्ये 'ओतेल' म्हणजे बड्या माणसाचं शहरातलं घर, पुढे चौक, मागे बाग, मध्ये राहायची इमारत. महापालिकेच्या इमारतीलाही ते ओतेलच म्हणतात. पिकासो तिथे कधी राहिला नाही, तो 1973ला गेला, म्युझियम उघडलं 1985ला, आणि त्याची चित्रं वारसा कराच्या बदल्यात सरकारकडे आली.

टिकली कशी म्हणाल, तर रिकामी फारशी राहिलीच नाही. राजाचा अर्थमंत्री फुके पकडला गेला त्यात ओबेरही बुडाला, मग व्हेनिसची वकिलात, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज असं एकामागून एक कुणी ना कुणी राहत गेलं. 1964ला पॅरिस शहराने ती घेतली आणि 1970च्या दशकात नीट दुरुस्ती झाली.

मावशीच्या गवंड्याशी बोललेय. दोन घमेली कालवून झाली होती, ती फेकायला सांगितली. आता चुना, धुतलेली वाळू आणि विहिरीचं गोडं पाणी, बस.