पुढच्या दारार भिंत

कॉम्प्युटरची कॅबिनेटं बनवणाऱ्यांनी देवगडचा मे महिना पाहिलेला नसावा. त्यांच्या लेखी हवा म्हणजे कोरडी, थंड आणि पंख्याने बोलावल्यावर निमूट येणारी. आमच्याकडची हवा येताना मीठ आणि जांभ्याची लाल धूळ घेऊन येते.

माझ्या कॅबिनेटला समोर अखंड काच, काचेमागे १२० मिलिमीटरचे तीन पंखे, तिन्ही रंगीबेरंगी. शेजारच्या अप्पांची हयात गवंडीकामात गेली. त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहणी केली.

"ह्या पंख्यांका वारो खंयसून गावतलो रे?"

"कडेच्या फटीतून, अप्पा."

"म्हणजे पुढच्या दारार भिंत घातलंस, आणि वाऱ्याक म्हणतंस ये!"

जाणकारही वेगळं काही सांगत नाहीत. पुढे जाळी हवी; थंड हवा पुढून आत, गरम हवा मागून आणि वरून बाहेर. आत ओढणारे पंखे जास्त ठेवले तर बाकीच्या फटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ त्या पंख्यांपुढच्या फिल्टरवरच अडते. फिल्टर धुतला की बादलीत गेरू कालवल्यासारखं पाणी, ते वेगळं.

फिल्टरला न जुमानणारी एकच, कुंभारीण माशी. मशीन बंद असल्याची बातमी तिला कोण देतं कोण जाणे! मागच्या पंख्याच्या दोन पात्यांमध्ये तिने मातीचं घर बांधलं. अप्पांनी चष्मा लावून ते न्याहाळलं. "गिलावो बरो केल्यान हां."

कॅबिनेट गुदमरतंय का हे बघायची सोपी रीत म्हणजे काम चालू असताना बाजूचं झाकण काढणं. काढलं. ९५ अंशांना टेकून आपला वेग आपणच कमी करणारा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, ८३ वर आला. काचेचा निकाल लागला! खोलीच ३४ ला होती, आणि पंख्याच्या हवेने चिप खोलीपेक्षा थंड होत नसते. तेव्हा पुण्यातल्या एसी खोलीतले आकडे बघून जळण्यात अर्थ नाही.

आता झाकण पलंगाखाली आणि उघड्या बाजूला टेबलफॅन. पण दुपारच्या जेवणानंतर टेबलफॅन बाबांचा, हा घरचा कायदा. नेमका त्याच वेळी मी एखादा मोठा व्हिडिओ तयार करायला लावला, की बाबा डोळे न उघडता विचारतात, "तुझ्या पेटयेक घाम इलो काय रे?" आणि पायाच्या अंगठ्याने फॅन स्वतःकडे वळवून घेतात.