तंबूची जागा मोजून दिली, इंटरनेट मात्र लपवून विकलं

जर्मनीतल्या बोडनसी तळ्याच्या काठावर तंबू ठोकायचे एका रात्रीचे किती पैसे, हे त्या कॅम्पिंगच्या दारातल्या पाटीवरच लिहिलेलं होतं. माणशी इतके, तंबूचे इतके, गाडीचे इतके, सोबत कुत्रा असेल तर त्याचे वेगळे. वीज युनिटवर. आंघोळीच्या गरम पाण्यासाठी पन्नास सेंटचं नाणं टाकायचं, नाणं संपलं की अंगाला साबण असला तरी पाणी गार. या कशाचाच मला राग नाही. आधी सांगितलं, मी मोजले. राग आहे तो इंटरनेटचा. ती एकच गोष्ट अशी निघाली जिची किंमत मला आमच्या अमळनेरपासून त्या तळ्यापर्यंत एकाही माणसाने धड सांगितली नाही, आणि पैसे मात्र प्रत्येक वळणावर माझ्या खिशातून गेले.

सुरुवात इथूनच झाली. जळगावच्या ज्या एजंटकडून व्हिसाचे कागद केले तो म्हणाला, "तिकडे सगळीकडे वायफाय आहे काका, पैसे कशाला घालता?" माझ्या इथल्या सिमवर दहा दिवसांचा परदेशी पॅक तीन हजारांच्या आसपास पडत होता. आम्ही चौघं, म्हणजे बारा हजार. साधारण तीन-साडेतीन हजारांत मी इथे वर्षभर रोजचा दोन जीबी डेटा वापरतो हो! दहा दिवसांना तेवढे कोण देईल? तिकडचंच सिम घेऊ असं ठरवलं. मेहुणा श्टुटगार्टला असतो, तोही म्हणाला, दहा युरोत मिळतं, कुठल्याही किराणा दुकानात.

मिळतं, खरंच मिळतं. शनिवारी संध्याकाळी मिळालंही. पण चालू होत नाही! जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिम ओळख पटवल्याशिवाय चालू करत नाहीत. चांगला नियम आहे, माझी काही तक्रार नाही, ओळखपत्र दाखवल्याशिवाय आपल्याकडेही सिम चालू होत नाही. पण दुकानात बसून ते काम होत नाही. पाकिटावर लिहिलेलं, व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरा. व्हिडिओ कॉल कशावर करू? इंटरनेट मिळवायला इंटरनेट लागतं! मेहुण्याच्या घरच्या वायफायवरून केला शेवटी. पलीकडच्या बाईने पासपोर्ट वर धर, खाली धर, तिरका कर असं पंधरा मिनिटं नाचवलं आणि मग सांगितलं की या पद्धतीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. हे पाकिटावर छापायला काय झालं होतं? एक ओळ! आता पोस्टात जाऊन ओळख पटवा म्हणे. दुसरा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, पोस्टही बंद. मुलाच्या फोनला ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, चालतं, माझ्या आणि बायकोच्या फोनला नाही, आणि मुलाने घेतलेल्या ई-सिमला फोन नंबरच नव्हता, नुसता डेटा, तोही तीन जीबी. तो दोन दिवसांत नकाशे आणि फोटोंच्या बॅकअपने खाल्ला. बॅकअप आपोआप सुरू असतो हे त्यालाही माहीत नव्हतं.

सोमवारी पोस्टात रांग लावून सिम चालू केलं. मेहुणा कामावर गेला, आम्ही तळ्यावर.

कॅम्पिंगच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, वायफाय फुकट. ते वायफाय फक्त ऑफिसच्या ओसरीत यायचं. आमचा तंबू काठाला, तिथून ओसरी दोनशे पावलं. एका फोनला एक चिठ्ठी, चिठ्ठीवरचा कोड चोवीस तासांचा, आणि ऑफिस संध्याकाळी बंद झालं की नवीन चिठ्ठी सकाळीच. ओसरीतल्या बाकाजवळ आमच्यासारखी दहा-बारा माणसं माना खाली घालून उभी असायची, अगदी आपल्याकडे टँकर यायच्या वेळी हंडे घेऊन उभी असतात तशी. मेहुणा सांगत होता, २०१७ पर्यंत जर्मनीत वायफायच्या मालकालाच पाहुण्याने केलेल्या भानगडीसाठी जबाबदार धरत, म्हणून लोक फुकट वायफाय द्यायला घाबरायचे, कायदा बदलला तेव्हा कुठे ते वाढलं. असेल. पण मग "फुकट" हे मोठ्या अक्षरात आणि "फक्त ओसरीत" हे कुठेच नाही, हा कुठला न्याय?

आता खरी गोष्ट. त्या तळ्याला तीन देशांचे काठ आहेत, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून नियम आहे की एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालायला हवं. आम्हाला एक दिवस ऑस्ट्रियात ब्रेगेंझला जायचं होतं, म्हणून मी डेटा रोमिंग चालू ठेवलेलं. सिमच्या पाकिटावर युरोपियन युनियनचा निळा झेंडा छापलेला. माणूस काय समजेल? काही अडचण नाही, असंच ना?

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. त्या नियमातही नाही. शेजारचा एवढासा देश लिख्टेनश्टाइन नियमात आहे, स्वित्झर्लंड नाही! काही कंपन्या आपणहून स्वित्झर्लंड पॅकेजात धरतात, माझी धरत नव्हती. आणि मी स्वित्झर्लंडमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं. पाण्यावरून सिग्नल लांब जातो, मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. आमच्या काठाला जर्मन टॉवरची रेंज एक कांडी, आणि समोरच्या स्विस काठाची तीन. फोनने आपोआप स्विस टॉवर धरला. मी जर्मन मातीत तंबूत बसलेलो आणि माझं सिम परदेशात गेलेलं! पॅकेजमधला डेटा शाबूत, पण वर भरलेले चौदा युरो एमबीच्या हिशेबाने संपले. मेसेज आला तो जर्मनमध्ये, आणि ज्याच्यावर भाषांतर करायचं ते इंटरनेट त्याच मेसेजने बंद झालेलं.

ती बुधवारची संध्याकाळ होती. सहाच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. तळ्याच्या काठाने खांबांवर नारिंगी दिवे लुकलुकायला लागले, समोरच्या काठालाही, सगळीकडे. आधी सावकाश, मग भराभर. आम्हाला वाटलं, काही सण असेल. शेजारच्या तंबूतल्या म्हातारबाबांनी धावत येऊन हातवारे करून सांगितलं तेव्हा कळलं, तो वादळाचा इशारा. मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकला तर जोराचा वारा, नव्वद वेळा म्हणजे वादळ, बोटी काठाला आणा. मी ते मोजले नंतर, तंबूच्या दोऱ्या धरून बसलो होतो तेव्हा. नव्वदच होते. हवामान पाहायला फोन उघडला तर पांढरा पडदा आणि गोल गोल फिरणारं चाक. बायको एका कोपऱ्यावर बसलेली, मुलगा दुसऱ्या, आणि वाऱ्याने मधलं कापड फुग्यासारखं वर येत होतं. त्या क्षणी मला इंटरनेट कशाला हवं होतं? रील बघायला?

आणि आई. रोज त्यांच्या सहाला, म्हणजे आपल्या साडेनऊला मी आईला फोन करायचो. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा कॉल, मिनिटाला एखादा एमबी लागत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर झोपते, फोन उशाशी. त्या रात्री ती साडेनऊपासून बसून राहिली. मग शेजारच्या पोराला उठवून माझ्या इथल्या नंबरवर लावून पाहिला, तो बंद, कारण एकाच सिमची जागा आणि त्यात जर्मन सिम. दीड वाजेपर्यंत ती जागी होती. सकाळी मी ओसरीपर्यंत चालत गेलो, तिथे जर्मन टॉवर लागला, पॅकेज आपोआप परत सुरू झालं, आणि पहिला कॉल केला. "भाऊ, कोठे शेस रे तू? कव्हयनी फोन लाई राह्यनू मी." त्यानंतर ती बोललीच नाही, फोन शेजारच्या पोराच्या हातात दिला.

आता गावात आल्यावर लोक सांगतात, "सुट्टीवर गेलात तर निसर्ग पाहायचा, इंटरनेट कशाला?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी तोरणमाळला तंबूत राहिलोय. तिथे घाटात रेंज जाते, आणि खालचा टपरीवालाच सांगतो, भाऊ, घरी काय सांगायचं ते इथूनच सांगून घ्या. दहा रुपयांच्या चहासोबत फुकट सांगतो! आईला माहीत असतं की दोन दिवस फोन येणार नाही, ती निवांत झोपते. इंटरनेट नसण्याचा मला काहीच त्रास नाही. आहे म्हणून विकायचं आणि मग काढून घ्यायचं, याचा त्रास आहे. आणि तिकडे तर बसचं तिकीट फोनमध्ये, रात्रीच्या फाटकाचा कोड ईमेलमध्ये, कॅम्पिंगचं बुकिंग फोनमध्ये. सगळं फोनवर तुम्हीच नेलंत ना? मग निसर्ग पाहा म्हणून मला कोणत्या तोंडाने सांगता?

उपाय काय होता माहीत आहे? फोनच्या सेटिंगमध्ये "नेटवर्क आपोआप निवडा" हे बंद करून जर्मन नेटवर्क हाताने निवडायचं. बस. अर्ध्या मिनिटाचं काम. म्हातारबाबांच्या नातवाने दुसऱ्या दिवशी करून दिलं. त्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे म्हणे. मग कॅम्पिंगच्या त्या पाटीवर, कुत्र्याच्या दराखाली, हे एक वाक्य का नाही? सिम विकणाऱ्याने झेंड्याशेजारी "स्वित्झर्लंड सोडून" एवढं का छापलं नाही?

माझा साडू दिवाळीनंतर सहकुटुंब तिकडेच चाललाय. त्याच्या फोनमध्ये ते सेटिंग कुठे असतं ते मी परवा शोधून दाखवलं, त्याच्या बायकोच्याही. घरी रोज फोन करीन असं आईला कबूल करू नकोस, हेही सांगितलं.

सिम कंपनीला मी दोनदा ईमेल केला. दोन्ही वेळा एकच उत्तर, तक्रार तुमच्या खात्यात लॉगिन करून नोंदवा. लॉगिनचा कोड त्या जर्मन सिमवर येतो, आणि ते सिम इथे अमळनेरात रेंजच धरत नाही. तिसरा ईमेल आज सकाळी पाठवलाय, जर्मनमध्ये, मेहुण्याकडून लिहून घेऊन. चौदा युरो परत हवेत मला.