नुसतं बघायचे दहा रुपये

“जोवाना दस रूपिया,” असं त्या झेरॉक्सवाल्या पोराने मला ऐकवलं त्याला आज चौथा दिवस. नुसतं बघायचे दहा रुपये! तेही बघण्यासारखं काही उरलेलं नसताना.

प्रकरण एवढंच की २०२२च्या डिसेंबरात सासरेबुवांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, भाच्याने अकराशे फोटो काढले आणि एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. तो मी कपाटात, बायकोच्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवला. २०२४च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा टीव्ही, गाद्या सगळं देवाच्या हवाली करून मी ती डबी घेऊन वरच्या मजल्यावर पळालो होतो. बायकोला वाटलं, मंगळसूत्रासाठी. आता सासूबाईंना रविवारपर्यंत अल्बम हवा, म्हणून रावपुऱ्यातल्या एका दुकानाच्या रांगेत उभा राहिलो.

पोराने पेनड्राइव्ह खुपसला. जाईना. उलटा केला. जाईना. पुन्हा सुलटा केला आणि गेला. हे जगात सगळीकडे असंच होतं, पण बडोदेकराने त्याबद्दल फार बोलू नये, कारण यूएसबी, म्हणजे हीच खुपसायची पिन, घडवणाऱ्या चमूतले अजय भट्ट इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. दोन्ही बाजूंनी जाणारी पिन केली असती तर तारा दुप्पट आणि खर्चही दुप्पट झाला असता, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे माझा अपमान बाहेरच्याने केलेला नाही, एवढं समाधान.

“काका, आ तो फॉर्मॅट मांगे छे,” पोरगा म्हणाला. फॉर्मॅट म्हणजे आतलं पुसून पाटी कोरी करणं, आणि हा सांगतोय असं की जणू पेनड्राइव्ह चहा मागतोय.

“मराठी का?” मागून आवाज. कोशाची टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, वय पंच्याहत्तरच्या पुढे.

“हो.”

“फुंकर मारा.”

मी पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली. चारचौघांत. का मारली, देव जाणे.

“अशी नाही हो. कॅसेटच्या वेळी मारायचो तशी, पोटातून.”

पोटातून मारली. पोराने पुन्हा लावला. पुन्हा फॉर्मॅट.

“मग तांदळात ठेवा रात्रभर. आमच्या सुनेचा मोबाइल तांदळात ठेवूनच जगला.”

“पण हा भिजलेला नाहीये.”

“न का भिजेना. तांदूळ तर घरात असतोच ना?”

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

“दुसरी कॉपी?” आता त्यांनी चष्मा वर केला. “नाही? अकराशे फोटो आणि एकच कॉपी? घराच्या किल्ल्या किती आहेत तुमच्या?”

“तीन.”

“तीन!” ते रांगेकडे वळून म्हणाले. रांगेने मान हलवली. एक बाई तर “अरेरे” म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून एक पिवळा कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. “सयाजीराव महाराजांच्या वेळचा. आमच्या पणजोबांच्या नेमणुकीचा. शंभर वर्षं झाली, शाई बघा, कालच वाळल्यासारखी. याला फॉर्मॅट लागत नाही.”

“काय लिहिलंय?”

“ते मोडीत आहे. आमच्यात कोणाला येत नाही,” ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, आणि लगेच सावरून, “पण शाई बघा ना! बरं, तुम्ही मूळचे दांडिया बाजारचे का?”

नेमकं त्याच क्षणी पोराने विचारलं, “करी नाखुं?”, म्हणजे फॉर्मॅट करून टाकू का, आणि मी काकांना म्हणालो, “हो.”

“थई गयुं,” पोरगा म्हणाला. “हवे एकदम खाली छे.” रिकामा! एकदम!

माझा चेहरा बघून तो घाबरला असेल असं वाटलं होतं. त्याने हात पुढे केला आणि दहा रुपये मागितले.

भाच्याने नंतर जे सांगितलं त्याने राग वाढलाच. पेनड्राइव्हच्या आत म्हणे अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडलेला असतो, तोच आपला फोटो. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण, ठेवायचे. आता स्वस्तात जास्त बसवायचं म्हणून तीन-तीन, चार-चार कोंबतात. नुसता पडून राहिला की भार हळूहळू झिरपतो, उकाड्यात जास्तच. आणि माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. म्हणजे ज्यांनी हजार चंद्र पाहिले त्यांचे फोटो बडोद्याचे तीन मे महिने काढू शकले नाहीत! हे पाकिटावर लिहायला काय झालं होतं? पाकिटावर ‘पाच वर्षं वॉरंटी’ लिहिलंय. नवा पेनड्राइव्ह देतील, कोरा. घागर बदलून मिळेल, पाण्याचं विचारायचं नाही. शिवाय ६४ जीबी म्हणून घेतला तर कॉम्प्युटर ५९ दाखवायचा. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ने, हा भाच्याचा खुलासा. भाजीवाल्याने असं मोजलं तर आपण त्याला खंडेराव मार्केटात उभं करू का?

घाईच्या फॉर्मॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं जागेवर असतात, असं म्हणून भाच्याने रात्रभर कसलासा प्रोग्राम चालवला. तीनशे बारा फोटो परत आले. नावं गेलेली, बरेचसे अर्ध्यापासून खाली राखाडी. धडधाकट कोण वाचलं? श्रीखंडाचं पातेलं, अठरा फोटो. रिकाम्या खुर्च्या. मांडववाल्याचा फोन नंबर. सासरेबुवा एकाच फोटोत अखंड आहेत, तेही पाठमोरे, पान लावून घेताना.

“मी अजून बसलोय ना इथे,” सासरेबुवा म्हणाले, “पुन्हा काढा की.”

सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्यांना तो पाठमोराच मोठा करून हवाय, उद्याच्या उद्या, आणि रविवारी त्या भागात तेवढं एकच दुकान उघडं असतं. दहाची सुटी नोट आत्ताच खिशात घालून ठेवली आहे.