आईला उत्तरं पाठ करायला लावू नका

गेल्या महिन्यात आईचा अमेरिकेचा व्हिसा झाला. पासपोर्ट घरी आल्यापासून आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधले आठ-दहा जण तरी विचारून गेले. एजंट कुठला केलात, कागद काय नेलेत, आत काय विचारलं? प्रत्येकाला तेच तेच सांगतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं वयस्कर माणूस मुलाखतीला जाणार आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आधी हे सांगायला हवं की व्हिसा दुसऱ्या खेपेला झाला. पहिल्यांदा नाकारला होता, आणि त्याला जबाबदार आईला पाठवणारे आम्ही.

ताई न्यू जर्सीला असते. चार वर्षं आईने तिला फक्त मोबाईलवर बघितलं होतं. तिला पाठवायचं ठरलं तेव्हा मी कुणीतरी सुचवलेल्या एजंटकडे सगळं सोपवून मोकळा झालो. फॉर्म त्याने भरला, आम्ही तो वाचलासुद्धा नाही. आई बहात्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून देवगडची आमची आंब्याची दीडशे कलमं तीच सांभाळते. फवारणीला माणसं कधी लावायची, राखणीला कोण, पेटी कुठल्या दराला सोडायची, सगळं तिच्या डोक्यात. त्या फॉर्मवर तिच्या कामाच्या रकान्यात लिहिलं होतं 'गृहिणी'. वर एजंटने तिला शिकवून ठेवलं की मुलीचं नाव फार काढू नका, तिथेच राहणार असं त्यांना वाटतं. फिरायला जाते म्हणा, नायगारा बघायचाय म्हणा. पंधरा दिवस रोज संध्याकाळी आई नारळ खवायला बसली की मी प्रश्न विचारायचो आणि ती पाठ केलेली उत्तरं म्हणायची.

मुलाखतीच्या खिडकीपाशी तिने नायगारा सांगितला. पुढचा प्रश्न आला, तिथे कोण नेणार, कुठून जाणार? ते पाठ नव्हतं. ती गप्प झाली. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत हातात आणि सोबत एक छापील कागद. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "माका खोटा बोलूक जमला नाय रे." सत्तरी ओलांडलेल्या आईला खोटं बोलायला शिकवलं ते मी, ही गोष्ट मला अजून टोचते.

त्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याचा यात काही दोष नव्हता. त्या कागदावर कलम २१४(बी) लिहिलेलं होतं. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातलं हे कलम. त्याचा अर्थ असा की पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिकडे कायमचा राहायलाच येतोय असं ते आधी धरून चालतात, आणि आपण परत येणार हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते. आता विचार करा. देवगडात दीडशे कलमं असलेली बाई परत येणार हे दाखवायला आणखी काय लागतं? तेच आम्ही लपवलं आणि तिच्या हातात धबधबा दिला.

एजंटवर एवढा विश्वास आपण का टाकतो याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे परदेश म्हणजे आधी आखात. रत्नागिरी घ्या, आपला सिंधुदुर्ग घ्या, जवळपास प्रत्येक गावातून कोणी ना कोणी दुबई, कुवेत, मस्कतला गेलेलं आहे. तिथला व्हिसा काम देणारा मालक काढतो, आपण मेडिकल करायचं, पासपोर्ट एजंटकडे द्यायचा, शिक्का होऊन येतो. कुणासमोर उभं राहून बोलावं लागत नाही. त्यामुळे कागद एजंटचे आणि प्रवास आपला ही सवय हाडात बसली आहे. अमेरिकेचं तसं नाही. फॉर्म कोणीही भरो, त्यातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. बोटीवर जाणाऱ्या मुलांना हे ठाऊक असतं, त्यांना सी१/डी व्हिसासाठी स्वतः उभं राहावं लागतं. घरच्या म्हाताऱ्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून यंदा फॉर्म आम्ही घरी भरला. डीएस-१६० म्हणतात तो. आई शेजारी खुर्चीवर, मी कॉम्प्युटरवर, दोन संध्याकाळ. प्रत्येक प्रश्न मराठीत सांगायचा, तिचं उत्तर ऐकायचं, मग लिहायचं. फॉर्म उघडताच 'एए' ने सुरू होणारा अर्ज क्रमांक येतो, तो पहिल्यांदा वहीत लिहून घ्या. वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद होतं, आणि आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. क्रमांक असला तर जतन केलेलं पुन्हा उघडता येतं.

आमची खरी अडचण इंग्रजीची नव्हती. पत्ता! आमच्या घराला रस्ता नाही, वाडी आहे. शेवटी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवरचा घर नंबर काढला, पुढे वाडी, गाव, तालुका असं लिहिलं. मग नाव. आईचं माहेरचं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर तेच. फॉर्ममध्ये दुसरं नाव कधी होतं का असं विचारतात, तिथे लग्नाआधीचं नाव लिहायचं. एजंटने तिथे 'नाही' ठोकून दिलं होतं.

आणि जन्मतारीख. आईच्या पासपोर्टवर १ जून आहे. तिच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची तारीख १ जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकली. आजी सांगायची की आई नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली. कोणी अचानक विचारलं तर आई तेच सांगते. म्हणून आम्ही सराव केला तो एवढाच, पासपोर्टवरची तारीख. ती कागदावरची तारीख आहे, फॉर्मवर आणि तोंडी तीच यायला हवी. बाकी काहीही पाठ करून घेतलं नाही.

कामाच्या रकान्यात यंदा 'शेतकरी' लिहिलं. ते वाचून दाखवलं तेव्हा आई थोडी लाजली, मग म्हणाली, "बरोबर आसा."

फी १८५ डॉलर, रुपयांत भरायची, आणि व्हिसा नाकारला तर परत मिळत नाही. फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चष्मा काढून. गावच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो म्हटलं की ते नेहमीच्या आकाराचा काढतात, त्यांना आधीच सांगा.

कागदांबद्दल माझं मत. गेल्या वेळी सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जमिनीचं मूल्यांकन, हे सगळं करण्यात दोन महिने आणि बरेच पैसे गेले. आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांसह सतरा नावं आहेत, तो बघून कोणाला काय कळणार? दोन्ही वेळा त्यातला एकही कागद कोणी मागितला नाही. कागद जवळ असू द्यात, पण त्यांच्यामागे धावत बसू नका. निर्णय बोलण्यावर होतो.

हाताच्या बोटांकडे मात्र आधीपासून लक्ष द्या. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मुलाखतीच्या आधी वेगळ्या दिवशी, वेगळ्या केंद्रावर बोटांचे ठसे घेतात. आई दर वर्षी काजू फोडते. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली, टोकांची सालं गेलेली. रेशन दुकानात मशीनवर अंगठा कितीदा तरी उमटत नाही. यंदा चैत्रापासून तिला काजूला हात लावू दिला नाही, आणि शेवटचे पंधरा दिवस रात्री झोपताना बोटांना मुठेल चोळलं. टाचांच्या भेगांना लावतो तेच, कोकमाचं. तरीही केंद्रावर डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा पुन्हा ठेवावी लागली, पण उमटली. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी हे नक्की लक्षात ठेवा.

जूनची तारीख मिळाली म्हणजे पावसाळी वेळापत्रक. गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर विचारूच नका. रात्रीच्या कोकणकन्येने निघून सकाळी थेट मुलाखतीला उभं राहायचं हा विचार म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत करू नका. आम्ही दोन दिवस आधी निघालो, कणकवलीहून ठाणे, तिथून डोंबिवलीला मावशीकडे. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे. आमचे शेजारचे अण्णा अजून ब्रीच कँडी सांगतात, पण २०११ पासून ते इकडे आहे.

आत मोबाईल नेता येत नाही, पिशवी नाही, डबा नाही, आणि सोबतच्या माणसाला सहसा सोडत नाहीत. म्हणजे मोबाईलशिवाय आईला बाहेर येऊन मला शोधायचं होतं, बीकेसीच्या त्या गर्दीत, पावसात. मी पिवळी छत्री नेली होती. तिला जागा दाखवून ठेवली, म्हटलं पिवळी छत्री दिसेपर्यंत रस्ता ओलांडू नकोस.

मुंबईला मुलाखत मराठीतून देता येते. भाषा आधीच निवडून ठेवा आणि त्यात कमीपणा मानू नका. आत काय झालं ते तिने बाहेर आल्यावर सांगितलं तसं लिहितो. कशाला जाताय, असं विचारलं. म्हणाली, "मुलीकडे. तिका मूल होणार आसा, पयला." किती दिवस? "तीन महिने. मोहोर येवच्या आधी माका घराक होया." मोहोर म्हणजे काय ते दुभाष्याने समजावलं. मग कलमं किती, तुम्ही नसताना कोण बघणार, असं विचारलं. "झील बघतलो. पण फवारणी चुकली तर वरस जाता, म्हणान मी येतलंय." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. पासपोर्ट ठेवून घेतला. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

खरं बोललं की व्हिसा मिळतोच असं मी म्हणत नाही. खरं बोलूनही नकार मिळालेली माणसं मला माहीत आहेत. पण खरं बोलणाऱ्याला पुढच्या प्रश्नाची भीती नसते, आणि नकार आला तरी मान खाली घालून घरी यावं लागत नाही. आपल्या आयांनी आयुष्यभर जे केलंय ते त्यांच्या शब्दांत सांगू द्या.

शिक्का दहा वर्षांचा मिळाला आहे. याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही, किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावर ठरतं. आई गणपती करून निघणार, डिसेंबरच्या आत परत येणार. सध्या ताईसाठी मेथीचे लाडू की डिंकाचे, यावर रोज फोन चालू आहेत.

कोणाला फॉर्म भरायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर घरी या. पासपोर्ट, घरपट्टीची पावती आणि मुलाचा तिकडचा पत्ता घेऊन या. पैसे लागणार नाहीत. ज्यांचा फॉर्म आहे त्यांना मात्र सोबत आणा, त्यांच्याशिवाय मी एकही रकाना भरणार नाही.