दिवेलागणीची वेळ

परवा आत्याचं कपाट आवरताना तिची पत्रिका सापडली. पिवळा पडलेला लांब कागद, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू, लाल शाईतली कुंडली आणि आठव्या घरात मंगळ. जन्मवेळ सायंकाळी 6 वाजून 42 मिनिटं. आजी तर कायम एवढंच सांगायची, "दिवेलागण झाली होती, तेवढ्यात सुईण म्हणाली, मुलगी आहे." घरात तेव्हा घड्याळ नव्हतं. मग ही 42 मिनिटं मोजली कुणी?

लग्नरास म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास; घरं तिच्यापासून मोजतात, आणि ती साधारण दर दोन तासांनी बदलते. आत्या थोडी आधी जन्मलेली असेल तर तोच मंगळ नवव्या घरात जातो, आणि नवव्यातल्या मंगळाला कुणी नावं ठेवत नाही. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा, आपल्या लोकांची घरं मोजकी. मुलगी मंगळाची आहे ही बातमी तिच्या फोटोआधी पोहोचायची. आत्याचं लग्न झालं नाही.

ती भूगोल शिकवायची. एकदा आम्हा भावंडांना उज्जैनच्या वेधशाळेत घेऊन गेली. सवाई जयसिंगांच्या सम्राट यंत्रावर सावली बघून वेळ काढली, ती माझ्या घड्याळाशी जुळेना. आत्या म्हणाली, "एका रेखांशाला चार मिनिटं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि उज्जैन पावणेशहात्तरवर. म्हणून इथला सूर्य सरासरी 27 मिनिटं मागे." स्वतःच्या पत्रिकेबद्दल ती तेव्हा चकार शब्द बोलली नाही. परवा तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसले होते. ते 6.42 सूर्याचे होते की घड्याळाचे, हे तिच्यासाठी कुणीच विचारलं नाही.

ज्योतिषाने माणसाला आधार मिळतो, हे मी घरातच पाहिलंय. बाबांची मिल बंद पडली तेव्हा रामबागेतले एक गुरुजी संध्याकाळी येऊन बसायचे. "अडीच वर्षं काढा, शनी रास बदलेल," म्हणायचे. दक्षिणा कधी घेतली नाही, पोहे तेवढे खायचे. मिल काही उघडली नाही. पण आपल्या संकटालाही मुदत आहे, एवढ्या भरवशावर बाबा उठले आणि एका दुकानात हिशेब लिहायला लागले. त्या गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून स्वतःच्या मनाला धीर यावा म्हणून कुणी पत्रिका उघडत असेल तर माझी ना नाही. दुसऱ्याच्या मुलीवर शिक्का मारायला उघडलीत, तर मात्र मी भांडेन. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सुमारे 46 टक्के. नाणं उडवूनही निम्मी येतात हो! आणि याच्यावर आपण मुलींची आयुष्यं तोलतो. आता तर ॲप मिनिटभरात गुण जुळवून देतं, समोरच्या मुलीशी चार शब्द बोलायच्या आधीच नकार तयार.

माझ्या लेकीच्या बायोडेटात मी जन्मवेळ लिहिलेली नाही. काल ग्वाल्हेरहून एका स्थळाचा फोन आला. त्या बाई म्हणाल्या, "वेळ राहिलीय वाटतं लिहायची." मी म्हटलं, "राहिली नाही, लिहिलीच नाही." आणि त्यांना आत्याची गोष्ट सांगितली, अगदी दिवेलागणीपासून. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या नणंदेचंही असंच झालं."