तिकडे तर सगळं चालतं ना?

क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांचा, विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सरकारने ३० टक्के कर लावला म्हणजे मान्यताच दिली की! दुसऱ्याचं म्हणणं, हा निव्वळ जुगार, बंदी घालून मोकळे व्हा. बराच वेळ वाजलं की कुणीतरी लंडनकडे, म्हणजे माझ्याकडे, तोंड करतं: "ताई, तुमच्याकडे तर हे सगळं रीतसर चालतं ना?"

मला त्या दोन्ही तटांपेक्षा हा प्रश्न जास्त धोक्याचा वाटतो. क्रिप्टोच्या नावाखाली झालेल्या मोठ्या फसवणुका काढून बघा, 'परदेश' हेच त्यांत तारण म्हणून ठेवलेलं दिसेल.

वनकॉइन या तथाकथित डिजिटल चलनाचंच घ्या. मी वायव्य लंडनमध्ये राहते, वेम्ब्ली अरिना आमच्यापासून फार लांब नाही. जून २०१६ मध्ये तिथे रुजा इग्नाटोव्हा ही बाई भारी गाऊन घालून व्यासपीठावर आली आणि हजारो लोकांना सांगून गेली की दोन वर्षांत बिटकॉइनचं नावही कुणी काढणार नाही. तिची कंपनी बल्गेरियातली, धंदा २०१४ पासूनचा. विकायचे काय, तर 'शैक्षणिक पॅकेजेस', आणि त्याबरोबर नाणी. त्या नाण्यांमागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची सगळ्यांना तपासता येणारी नोंदवही, नव्हतीच. भाव कंपनी ठरवणार, कंपनीच्याच वेबसाइटवर तो चढत जाताना दिसणार, आणि बाहेरच्या कुठल्याही बाजारात ते नाणं कुणी विकत घेणार नाही. कमाई खाली माणसं जोडून. अमेरिकी तपास यंत्रणांच्या हिशेबाने जगभरातून सुमारे ४ अब्ज डॉलर गोळा झाले. बाई ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसली आणि नाहीशी झाली. २०२२ पासून ती एफबीआयच्या 'मोस्ट वॉन्टेड' दहा जणांच्या यादीत आहे.

आता कुठल्या देशात काय झालं ते पाहा. ब्रिटनच्या एफसीए या वित्तीय नियामकाने सप्टेंबर २०१६ मध्ये वनकॉइनबद्दल सावधगिरीची सूचना दिली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ती आपल्या वेबसाइटवरून काढूनही टाकली. सिटी ऑफ लंडन पोलिसांनी २०१९ मध्ये, इथल्या कुणावर खटला भरण्याइतका पुरावा नाही म्हणत, तपास गुंडाळला. आणि नवी मुंबई पोलिसांनी? एप्रिल २०१७ मध्ये वनकॉइनच्या कार्यक्रमावर धाड घालून १८ जणांना अटक केली. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आपले पोलीस लंडनच्या आधी पोहोचले, हे आपल्याच माणसांना पटवणं अवघड जातं.

पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइनमध्येही परदेश होताच. अमित भारद्वाजची ही योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली, तिच्यामागची कंपनी सिंगापूरमध्ये नोंदलेली. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइनमध्येच परत घ्या, असा वायदा. बिटकॉइनचं मायनिंग (संगणकांकडून गणितं सोडवून नवी नाणी मिळवणं) करून इतका ठरलेला, न चुकणारा परतावा कसा देता येईल, हा प्रश्न आयटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही विचारला नाही, कारण शेजारच्या डेस्कवरच्याला पहिले काही महिने पैसे मिळत होते. मग बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं कंपनीचं स्वतःचं टोकन हातावर ठेवण्यात आलं. दिलेलं चलन एक आणि परत मिळणारं दुसरं, तेही देणाऱ्यानेच छापलेलं: तिथेच उठून पोलीस ठाणं गाठायला हवं होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच जप्तीतलं क्रिप्टो वळवल्याचा आरोप होऊन त्यांना अटक झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सगळे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. लोकांचे पैसे अजून कागदांतच आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींना जाहीर खुलासा करावा लागला होता की आपल्या नावाने फिरणारे ट्रेडिंग ॲप्सचे व्हिडिओ बनावट आहेत. त्या ॲप्सपैकी एकाचं नाव 'ब्रिटिश बिटकॉइन प्रॉफिट'! इथे ब्रिटनमध्ये त्याच वर्षी मार्टिन लुईस या पैशांबाबत सल्ला देणाऱ्या लोकप्रिय पत्रकाराचा तसाच नकली व्हिडिओ फिरत होता. इथल्यांना इथला ओळखीचा चेहरा, तिथल्यांना तिथला, आणि वर 'ब्रिटिश' हा मुलामा.

तो मुलामा किती स्वस्त आहे हे सांगते. 'आमची कंपनी लंडनला रजिस्टर्ड आहे' या वाक्याची किंमत मे २०२४ पर्यंत १२ पौंड होती. तेवढ्यात कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयात ऑनलाइन नोंदणी व्हायची. संचालकांची ओळख पटवणं सक्तीचं झालं ते नोव्हेंबर २०२५ पासून. त्याआधी कुणीही कुणाच्याही नावाने, कुठलाही पत्ता टाकून कंपनी काढू शकत होतं आणि काढतही होतं. नोंदणी क्रमांक खरा असतो, म्हणून घरी बसून तपासणाऱ्याचं समाधान होतं.

मग ब्रिटनचं काहीच चांगलं नाही का? आहे. ऑक्टोबर २०२३ पासून इथे क्रिप्टोच्या जाहिरातींवर कडक नियम आहेत. सगळे पैसे जाऊ शकतात हे ठळक सांगावं लागतं, 'मित्राला आणा, बोनस मिळवा' हे बंद, आणि पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला २४ तास थांबवून मगच पुढे जाऊ देतात. हा २४ तासांचा नियम भारताने उद्या उचलावा. फसवणाऱ्याचा सगळा खेळ घाईवर असतो, 'ऑफर आज रात्रीपर्यंत'. अर्थात फसवणारा स्वतः हा नियम पाळणार नाही, पण लोकांना थांबण्याची सवय लागली की न थांबू देणारा उठून दिसतो.

आणखी एक गोष्ट इथे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते: ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे ट्रान्सफर करायला लावले तर बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. भारतात हे ऐकलं की लोक हळहळतात. पण भोक नेमकं आपल्या विषयापाशीच आहे. तुम्ही बँकेतून एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पैसे नेले, तिथे क्रिप्टो घेतलं आणि मग ते भामट्याच्या वॉलेटमध्ये पाठवलं, तर ही भरपाई लागू होत नाही. म्हणून तर तो तुम्हाला आधी क्रिप्टो घ्यायला लावतो.

घरच्या वादात फसवणुकीच्या या यंत्रणेबद्दलच कुणी बोलत नाही. बंदी की मान्यता यावर भांडताना विसरलं जातं की नकली ॲपला बिटकॉइन चांगलं की वाईट याच्याशी देणंघेणं नसतं. चुकून आलेला मेसेज, मग ओळख, मग टेलिग्रामचा ग्रुप जिथे सगळेच नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, मग लिंकवरून उतरवायचं ॲप. पहिल्यांदा पाच-दहा हजार खरोखर काढू देतात, विश्वास बसतो तो तिथेच. मोठी रक्कम काढायला गेलात की निरोप येतो: आधी ३० टक्के कर भरा. म्हणजे सरकारचा करसुद्धा चोरांच्या कामी आला! खरा कर तुम्ही आयकर खात्याकडे भरता, प्लॅटफॉर्मकडे नव्हे. १ टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. आपलेच पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे आत टाका असं कुणी म्हटलं, की आत काहीच नाही असं समजावं.

आणि 'हाव नडली' हे पालुपद बंद करा, कृपा करून. ते ऐकावं लागेल म्हणून माणूस बायकोलाही सांगत नाही आणि तेवढ्यात पैसा चार वॉलेट ओलांडतो. तो मेसेज पाठवणाराही कित्येकदा डांबून ठेवलेला असतो. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेली ही मुलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुप या उद्योगसमूहावर अशाच अड्ड्यांवरून निर्बंध घातले. ग्रुपने आरोप नाकारले आहेत. त्या वेळी गोठवलेल्या मालमत्तेत लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरची सुमारे १० कोटी पौंडांची इमारत होती. सगळं 'रीतसर' असलेल्या शहरात.

यात आम्हा परदेशस्थांचाही वाटा आहे. दिवाळीत घरी आलो की फायद्याचे आकडे सांगतो, तोट्याचे गिळतो. मग 'लंडनच्या ताईनेही घातलेत' हे वाक्य चुलत्यांकडून मामांकडे जातं आणि कुणाच्या तरी निवृत्तीच्या पैशाला पाय फुटतात. मी ग्रुपवर लिहून ठेवलं आहे: माझ्या नावाने कुणी कुठलीही योजना सांगितली तर आधी मला फोन करा, इथे किती वाजलेत ते बघत बसू नका. आणि पैसे गेलेच असतील तर मला नंतर, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम अजून बँकेच्याच खात्यात फिरत असेल तर ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. त्यानंतर आठवड्याभरात 'बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा' म्हणणारा फोन येईल, कदाचित लंडनचाच पत्ता सांगत. तो उचलू नका.